ग्रंथालय समितीच्या बैठकीआधी: बातम्या, नवी पुस्तकं आणि थोडी पूर्वतयारी

प्रवेशाची धांदल ओसरली की प्राचार्यांचा निरोप येतो, ग्रंथालय समितीची बैठक लावा. बैठकीत निम्म्या मंडळींचं लक्ष आपल्या विभागाच्या वाट्याला किती रक्कम आली याकडे, उरलेल्यांचं चहाकडे. 'नवीन काय' हे सांगायला ग्रंथपालाला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. त्या दहा मिनिटांसाठी काय काय तयार ठेवावं, ते इथे सांगते. कॉलेज नाशिकच्या गंगापूर रोडवरचं असो की सटाण्याचं, कामं तीच.

आधी एक साधी वही घ्या आणि पानाचे उभे दोन भाग करा. डावीकडे बातमी लिहा, उजवीकडे तिच्यामुळे आपल्या काउंटरवर काय बदलणार ते. उजवी बाजू कोरी राहिली तर ती बातमी बैठकीत नेऊ नका, कितीही गाजलेली असली तरी.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'चंच बघा. देशभरच्या संस्थांना एकाच वर्गणीतून संशोधन जर्नल्स देणारी ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्य केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-जर्नल्स, आणि अंमलबजावणी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे. एवढं सगळ्यांनी पेपरात वाचलेलं असतं, म्हणून 'मग आता आपल्याला सगळं फुकटच ना?' हा प्रश्न हमखास येतो. योजना मुख्यतः शासकीय संस्थांसाठी आहे, आणि आपल्याकडची बहुतेक कॉलेजं शिक्षण संस्थांनी चालवलेली, काही अनुदानित, काही विनाअनुदानित. तेव्हा पोर्टलवर आपल्या कॉलेजचं नाव आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः बघा आणि त्या पानाची प्रिंट सोबत ठेवा. नाव नसेल तर एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणारी इन्फ्लिबनेटचीच सेवा) नूतनीकरण झालंय का, नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांची लॉगिन तयार आहेत का, हे उजव्या बाजूला लिहा. मागच्या वर्षी किती जणांनी लॉगिन वापरलं याचा आकडाही काढा. तो बहुधा लाजिरवाणा असतो, पण प्राचार्यांना तोच दाखवायचा.

दुसरी बातमी केअर यादीची, म्हणजे यूजीसीच्या मान्यताप्राप्त संशोधन जर्नल्सच्या यादीची. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ही यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि जर्नल निवडण्यासाठी केवळ मार्गदर्शक निकष दिले. या यादीचं काम आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत होतं, त्यामुळे इथल्या प्राध्यापकांना तिची सवय जरा जास्तच. 'मॅडम, हे जर्नल केअरमध्ये आहे का?' याऐवजी आता 'हे जर्नल बरं आहे का?' असं विचारतील, आणि त्याचं उत्तर एका क्लिकवर मिळत नाही. एक पानी तपासपत्र करून ठेवा: संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) जुळतो का, लेख किती दिवसांत स्वीकारतात, पैसे कधी आणि कशाचे मागतात, संकेतस्थळ मूळ जर्नलचंच आहे की कुणी नक्कल करून थाटलंय. मागे घेतलेल्या शोधनिबंधांची रिट्रॅक्शन वॉचची यादी सगळ्यांना मोफत बघता येते, तिचाही पत्ता त्यात टाका. सगळ्या तयारीतून एकच गोष्ट करायला वेळ असेल तर मी हे तपासपत्र करीन.

त्याच पानाच्या मागच्या बाजूला चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांविषयी चार ओळी हव्यात. विद्यार्थी संदर्भांची यादी घेऊन येतो, लेखक खरा, प्रकाशक खरा, आणि पुस्तक कुठेच नाही. शोधण्यात अर्धा तास घालवण्याआधी 'यादी कुठून आणली?' हे विचारायला परिचरांनाही शिकवा.

ई-पुस्तकांचा विषय निघाला तर ग्रंथालयांना ई-पुस्तकं पुरवणाऱ्या क्लॅरिव्हेट या परदेशी कंपनीची बातमी सांगा. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी ई-पुस्तकं कायमची विकणं थांबवून फक्त वर्गणीवर देण्याचं जाहीर केलं, ग्रंथपालांनी ओरड केल्यावर मुदत २०२६ च्या मध्यापर्यंत लांबवली. आपण मोठे गिऱ्हाईक नाही, पण कोटेशन मागवताना 'कायमस्वरूपी की वार्षिक' हा रकाना घालायला विसरू नका.

ग्रंथपालाने स्वतः काय वाचावं? यावर माझं मत जरा वेगळं आहे. अलीकडचं सर्वांत उपयोगी वाचन म्हणजे ब्रिटिश लायब्ररीचा मार्च २०२४ चा अहवाल. ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ल्याने त्यांचा ऑनलाइन कॅटलॉगसुद्धा बंद पडला होता. काय चुकलं ते त्यांनी उघडपणे लिहिलंय, आणि तो मोफत मिळतो. वाचून झाला की आपल्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे सोल किंवा कोहाचा, बॅकअप शेवटचा कधी घेतला ते पाहा. तो त्याच कॉम्प्युटरवर असेल तर बॅकअप घेतलेला नाही असंच समजा. पुस्तकच हवं असेल तर ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचे ग्रंथपाल रिचर्ड ओव्हेंडन यांचं 'बर्निंग द बुक्स' घ्या. २०२० चं आहे, अगदी ताजं म्हणता येणार नाही, पण ग्रंथालयं का जाळली जातात हे इतिहासाच्या प्राध्यापकांनाही वाचावंसं वाटेल.

विद्यार्थ्यांसाठीच्या यादीत पुरस्कारांची नावं नुसती उतरवू नका. प्रत्येक नावापुढे कोण वाचेल ते लिहा. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावाची ती कादंबरी, आणि इगतपुरी तालुक्यातून येणाऱ्या मुलांना धरणात गेलेली जमीन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. देविदास सौदागर यांच्या 'उसवण'ला २०२४ चा युवा पुरस्कार आहे. रेडिमेड कपड्यांमुळे धंदा बसलेल्या शिंप्याची गोष्ट, आकाराने छोटी, कॉमर्सच्या मुलांच्या हातातही सहज जाईल, दोन प्रती घ्या. सुधीर रसाळ यांचं 'विंदांचे गद्यरूप' एम.ए. मराठीसाठी, एक पुरे. बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'ला २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, ते इंग्रजी विभाग स्वतःहून मागेल.

स्थानिक कपाटाचं काम मात्र आताच हाती घ्या. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि २०२७ ची अमृतस्नानं होईपर्यंत प्रकल्प, निबंध, पत्रकारांचे फोन थांबणार नाहीत. १८८३ चं नाशिकचं गॅझेटियर, गोदावरी आणि घाटांवरचं लेखन, काळाराम मंदिर सत्याग्रह, पांडवलेणीतले प्राकृत शिलालेख यांवर आपल्याकडे काय आहे ते दाखल नोंदवहीतून काढा. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्यामुळे ते शिलालेख पाहायला मुलं पुन्हा जाऊ लागतील, तेव्हा हाताशी पुस्तक हवं. जे नाही ते लगेच विकत घेऊ नका. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, आधी तिथे चौकशी करा. ग्रंथालयशास्त्रावरची मराठी पाठ्यपुस्तकं हवी असतील तर मुक्त विद्यापीठ गावातच आहे.

पैशांचं थोडक्यात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तरी बिलात लावलेला दिसला तर परत पाठवा. तीन कोटेशन, सवलतीची टक्केवारी, परदेशी पुस्तकांचा विनिमय दर कोणत्या तारखेचा, एवढं एका कागदावर. थकबाकीदारांची यादी समितीपुढे ठेवाल तेव्हा मोबाइल नंबर काढून टाका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर ती यादी नोटीस बोर्डावर तशीच लावणं बरं नव्हे.

आणि मागणीपत्रं बैठकीतच भरून घ्या, सह्यांसकट. 'उद्या पाठवतो' म्हणणाऱ्या विभागाचं मागणीपत्र दिवाळीनंतर येतं.