ट्रेनिंग शिपवर पहिल्यांदाच जाताय? आधी वॉच आणि झोप सांभाळा

दिवस सकाळी सुरू होऊन रात्री संपतो हे डोक्यातून काढून टाका, जहाजावर सगळं वॉचवर, म्हणजे ड्युटीच्या ठरलेल्या पाळ्यांवर चालतं. बऱ्याच ठिकाणी ४ तास ड्युटी आणि ८ तास सुट्टी असते, म्हणजे तुमचा वॉच १२ ते ४ असेल तर दुपारी पण आणि मध्यरात्री पण. आणि ते ८ तास सगळे झोपेचे नसतात हां, जेवण, साफसफाई, क्लास, ड्रिल सगळं त्यातच. त्यामुळे अर्धा तास मिळाला तरी आडवं व्हा, गप्पा नंतर. जहाज डोलत असेल तर लाइफजॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली सारा, गादी भिंतीकडे कलते आणि तुम्ही बंकमधून खाली पडत नाही.

वॉचला १०-१५ मिनिटं आधी पोचाच. समोरचा ४ तास वाऱ्यात उभा आहे, त्याला वाट बघायला लावू नका. रात्री तर अजून लवकर, कारण डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, आणि एकदा मोबाइलची स्क्रीन बघितली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. टॉर्च लाल उजेडाचाच न्या. सुकाणू हातात घेताना कोर्स, म्हणजे जहाज कुठल्या दिशेने न्यायचंय ते, मोठ्याने बोलून दाखवा, ऑर्डर मिळाली की ती पण.

समुद्र लागणार, त्यात लाज कसली! गोळी जहाज सुटायच्या आधीच घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. वर मोकळ्या हवेत या, क्षितिजाकडे बघा, कोरडं बिस्किट आणि घोट घोट पाणी. उलटी वारा जिकडे जातोय त्या बाजूला, आणि हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षा पट्टा, अडकवूनच. बहुतेकांना २-३ दिवसांत बरं वाटतं.

शिडाचं जहाज असेल तर डोलकाठीवर चढावं लागेल. खिसे रिकामे करा आणि वारा येतोय त्या बाजूने चढा, म्हणजे वाराच तुम्हाला दोरांवर दाबून धरतो. हातात कायम उभे दोर धरा, पाय ठेवायच्या आडव्या दोऱ्या नाही, कारण पायाखालची आडवी दोरी तुटली तरी हात सुटत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नवीन मुलं नेमकं हेच विसरतात. कुठला दोर कुठे बांधलाय ते दिवसा हाताने चाचपून पाठ करा, रात्री शिडं उतरवायची वेळ आली की कोणी दाखवत बसणार नाही.

अंघोळ म्हणजे अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग नळ चालू. गोडं पाणी मोजकंच असतं.

सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकला की लाइफजॅकेट घेऊन थेट मस्टर स्टेशनला, म्हणजे संकटात सगळ्यांनी जमायच्या जागी, ती जागा पहिल्याच दिवशी चालत जाऊन बघून ठेवा. कोणी पाण्यात पडलं तर जोरात ओरडा, लाइफबॉय (तरंगणारी रिंग) फेका आणि त्या माणसाकडे बोट दाखवत राहा, नजर एक सेकंदही हलवू नका, लाटांमध्ये डोकं एकदा दिसेनासं झालं की पुन्हा सापडणं फार कठीण.