बडोद्यात युकुलेले गटात यायचंय? सम धरा, बाकी सुटलं तरी चालेल

भजनी मंडळात नवा माणूस आला की त्याच्या हातात टाळ देतात आणि बसवून घेतात. ताल येतो का, पट्टी कुठली, हे कोणी विचारत नाही. युकुलेले म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य. सगळ्यांसाठी खुला असलेला युकुलेले गट याच जातीचा. दांडिया बाजारातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी आम्ही जमतो. नववीतल्या मुलीपासून बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांपर्यंत सगळे असतात. "जरा यायला लागलं की येईन" असं सांगणारे मला पुष्कळ भेटले, त्यातलं आलं मात्र कोणी नाही. म्हणून आधी या, शिकणं मागाहून होतं.

पहिल्यांदा रिकाम्या हाताने जा

गट शोधायचा तर वाद्यांच्या दुकानात आणि गिटार शिकवणाऱ्यांकडे विचारा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. पत्ता लागला की वाद्य विकत न घेता एक बैठक नुसती बसून ऐका. कोणती गाणी घेतात, नवख्यासाठी थांबतात का, चुकल्यावर लोक हसून पुढे जातात की गप्प होतात, हे तासाभरात कळतं. वर्गणी किती आणि कॉर्ड (एकदम वाजवायचे सुरांचे गट) लिहिलेले कागद कोण देतं, तेही विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी कोणीतरी जास्तीचं युकुलेले आणलेलं असतं, ते मागायला संकोच करू नका.

वाद्य घेताना

सोप्रानो साधारण 21 इंची, कॉन्सर्ट 23, टेनर 26. मोठ्या माणसाने कॉन्सर्ट घ्यावं, बोटांना जागा मिळते. बॅरिटोन घेऊ नका. त्याच्या तारा वेगळ्या सुरांत लावतात, त्यामुळे गटातल्या कागदावरचे कॉर्ड तुमच्या हाताला जुळणार नाहीत.

दुकानात दोन गोष्टी पाहा. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) तार दाबा; बोट दुखेपर्यंत जोर लागला तर तारा फार उंच आहेत. मग तार मोकळी छेडा आणि तीच बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. बेसूर आला तर ते वाद्य परत ठेवा, कारण ते घरी आणून सुधारत नाही. माझं पहिलं युकुलेले खेळण्यातलं होतं. त्याच्या खुंट्या गाणं संपेपर्यंत सरकायच्या आणि दोन महिने मला वाटत राहिलं की माझा कानच कच्चा आहे. सोबत क्लिपवाला ट्यूनर घ्याच, खोलीत दहा जण वाजवत असताना नुसत्या कानाने सूर लावणं अवघड जातं.

सूर: प सा ग ध

तारांच्या जी, सी, ई, ए या इंग्रजी अक्षरांनी गोंधळ होत असेल तर ती बाजूला ठेवा. पेटीच्या पांढरी एकला (म्हणजे सीला) सा धरला की हनुवटीकडच्या तारेपासून खाली मोकळ्या तारा येतात प, सा, ग, ध. तंबोऱ्यासारखी सुरुवात पंचमाने, फक्त इथे पंचम सा च्या वरचा. चारही सूर एकाच सप्तकात दाटीवाटीने बसलेले, म्हणून हे वाद्य एवढं उजळ वाजतं.

आता चार कॉर्ड. तारा खालून मोजा: जमिनीकडची पहिली, हनुवटीकडची चौथी.

सी: अनामिका पहिल्या तारेवर, तिसरा फ्रेट. ध चा वरच्या सप्तकातला सा होतो आणि ऐकू येतं प सा ग सा. एवढंच.

ए मायनर: मधलं बोट चौथ्या तारेवर, दुसरा फ्रेट. ध सा ग ध.

एफ: ए मायनरमध्ये तर्जनीची भर, दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर. ध सा म ध.

जी सेव्हन: तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट तिसरीच्या आणि अनामिका पहिलीच्या दुसऱ्या फ्रेटवर. प रे म नी.

रोज दहा मिनिटं पुरतात. पण त्या दहा मिनिटांत कॉर्ड पकडून बसू नका, एकावरून दुसऱ्यावर जाण्याचा रियाज करा. एफवरून सीवर, सीवरून जी सेव्हनवर. गाणं अडतं ते या उडीत. डाव्या हाताची नखं मात्र मुळापर्यंत कापलेली हवीत. आणि नव्या नायलॉनच्या तारा पहिले आठ-दहा दिवस ताणत जातात, सूर सारखा उतरतो. वाद्य बिघडलं म्हणून घाबरू नका, पुनःपुन्हा लावत राहा.

पहिली बैठक

मागच्या रांगेत बसू नका. जो गाणं चालवतो त्याचा डावा हात दिसेल अशी जागा धरा. त्याचं बोट हललं की तुमचंही हलतं, कागदाकडे बघायची गरज कमी होते.

मग एकच नियम: सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकवायची नाही. आठ मात्रांत हाताची चाल अशी: 1 खाली, 2 रिकामी, 3 खाली, 4 वर, 5 रिकामी, 6 वर, 7 खाली, 8 वर. कहरवा अंगात असलेल्याला हे पटकन बसतं. नाही बसलं तर फक्त पहिल्या मात्रेला खालच्या दिशेने एक हात मारा आणि बाकी सात मात्रा पुढचा कॉर्ड धरायला वापरा. कॉर्ड सापडला नाही तर तो सोडून द्या, पुढच्या समेवर परत या. मध्येच घाईने घुसलात तर शेजारच्याचाही ठेका जातो.

आमच्याकडे एका मावशींची बोटं सांध्यांमुळे आखडलेली. त्यांनी पहिले चार शनिवार फक्त सी वाजवला. कागदावर सी आला की अनामिका तिसऱ्या फ्रेटवर टेकवायच्या, अंगठ्याने चारही तारांवरून एकदा सावकाश हात फिरवायच्या आणि सी गेला की तळहात तारांवर ठेवून त्या गप्प करायच्या. खोलीत पंधरा वाद्यं वाजत होती आणि त्यांचा तो एक ठोका बरोबर समेवर पडत होता. पाचव्या शनिवारी त्यांनी स्वतःहून ए मायनर घेतला. माझ्या मते त्या पहिल्या दिवसापासून पुऱ्या सभासद होत्या.

दोन गाण्यांच्या मधल्या वेळात तारा छेडत बसायचं नाही, तेव्हा लोक सूर लावत असतात. न विचारता शेजाऱ्याची चूक दुरुस्त करायची नाही.

गाणं निवडायची पाळी आली तर

ही पाळी सगळ्यांवर येते, तेव्हा तयारी ठेवा. मींड आणि हरकतींवर उभं असलेलं भावगीत चार कॉर्डांत बसवायला गेलं की त्याचा जीव जातो. असं गाणं एकाने गावं, बाकीच्यांनी सा-प धरून ठेवावा. सरळ चालीची गाणी, आरत्या, मुलांची गाणी छान बसतात. आणि बडोद्याच्या माणसाला सहा मात्रांचा हींच हा गरब्याचा ताल शिकवावा लागत नाही. गुजराती शेजारी असतील तर गरबा घ्या, खोली आपोआप डोलते. पट्टी खाली पडत असेल तर सूर बदलण्याच्या भानगडीत न पडता कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) कुठे लावायचा ते जाणत्याला विचारा.

एक योग मला फार आवडतो. मदेरा बेटावरचे पोर्तुगीज लोक आपली चार तारांची छोटी वाद्यं घेऊन 1879 च्या ऑगस्टमध्ये रेव्हनस्क्रॅग जहाजातून होनोलुलूला उतरले. त्यांच्यातल्या सुतारांनी हवाईत युकुलेले घडवलं. आपली कमाटीबागही 1879 चीच. सात वर्षांनी, 1886 मध्ये, गायक मौला बक्षांच्या हाताखाली इथे गायनशाळा सुरू झाली, तीच पुढे सूरसागरजवळचं म्युझिक कॉलेज झाली. सामान्य माणसाने गाणं शिकावं ही गोष्ट या गावाला नवी नाही.

उन्हाळा आणि नवरात्र

मे महिन्यात युकुलेले गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाने डिंक सुटतो आणि घोडी उचकटून येते. आमच्यातली दोन वाद्यं अशीच गेली. कापडी पिशवीऐवजी जाड अस्तराची पिशवी घ्या, पावसाळ्यातही ती कामाला येते.

आणि यायचंच असेल तर नवरात्रात चौकशी करू नका. त्या नऊ रात्री सगळे गरब्याच्या मैदानावर असतात. शरद पौर्णिमा झाली की पुढच्या शनिवारी खोली पुन्हा उघडते.