छायाचित्रांची सेटिंग्ज सांभाळताना

संकेतस्थळावर सदस्यांनी अपलोड केलेल्या छायाचित्रांची व्यवस्था माझ्याकडे आली, तेव्हा फाइल किती मेगाबाइटपर्यंत चालेल एवढे ठरवले की काम झाले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात फाइलचे वजन आणि चित्राची लांबी-रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचे असते. जेपेग या आकसून साठवणाऱ्या फाइल-स्वरूपात ते काही मेगाबाइटांत मावत असले, तरी थंबनेल म्हणजे चित्राची लहान प्रत बनवण्यासाठी सर्व्हर ते उघडतो तेव्हा दर पिक्सेलला ३ बाइट या हिशेबाने मेमरीत ३६ मेगाबाइट जागा अडते. एकाच रंगाचे अवाढव्य चित्र तर अगदी हलक्या फाइलमधून येऊन सर्व्हर बंद पाडू शकते. म्हणून वजन आणि पिक्सेल या दोहोंवर स्वतंत्र मर्यादा घालावी, आणि पिक्सेलची तपासणी चित्र पूर्ण उघडण्याआधीच करावी.

माझ्या हातून सर्वांत मोठी चूक झाली ती मात्र चांगल्या हेतूने. छायाचित्राच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते. तीत कॅमेऱ्याचे नाव व वेळ यांच्याबरोबर, फोनमध्ये ती सोय चालू असल्यास, छायाचित्र कुठे काढले त्याचे अक्षांश-रेखांशही असतात. घरात काढलेल्या एका साध्या छायाचित्रावरून सदस्याच्या घराचा ठिकाणा उघड होऊ शकतो, हे लक्षात येताच मी ही सारी माहिती पुसून टाकण्याची सेटिंग त्याच दिवशी चालू केली. दुसऱ्या दिवसापासून उभी छायाचित्रे आडवी दिसू लागली. फोन आडवा-उभा धरला तरी अनेक कॅमेरे पिक्सेल एकाच क्रमाने साठवतात आणि चित्र कसे फिरवून दाखवायचे याची १ ते ८ पैकी एक खूण एक्झिफमध्ये ठेवतात. ती खूणही मी पुसली होती. आधी त्या खुणेप्रमाणे चित्र खरोखर फिरवून घ्यावे आणि मगच माहिती काढावी, हा क्रम तेव्हापासून मी कधीही मोडलेला नाही. स्थानाची माहिती पुसणे मात्र ऐच्छिक ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण ती फाइलमध्ये आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

चित्रांच्या फाइल-स्वरूपांबाबत थोडक्यात सांगायचे तर छायाचित्रासाठी जेपेग किंवा वेबपी आणि अक्षरे असलेल्या स्क्रीनशॉटसाठी पीएनजी योग्य ठरते. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींमध्ये तपशील गाळत असल्यामुळे अक्षरांच्या कडांभोवती डाग उमटतात. एसव्हीजी या रेखाचित्रांच्या स्वरूपात स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये आपोआप चालणारा कोड, दडवता येते, म्हणून अनोळखी व्यक्तींकडून ते स्वरूप स्वीकारणे मी बंद ठेवले आहे.

जेपेग पुन्हा आकसून जतन केले की दर वेळी काही तपशील कायमचा जातो. त्यामुळे थंबनेलचे माप बदलायचे झाल्यास आधीच्या लहान प्रतीवरून नवी प्रत कधीही बनवू नये. मूळ फाइल, स्थानाची माहिती काढून, वेगळी जपून ठेवावी आणि प्रत्येक माप तिच्यावरूनच घ्यावे. सेटिंग बदलण्यापूर्वी मी आठही दिशांची आठ छायाचित्रे, एक पारदर्शक पीएनजी आणि एक हलते गिफ अपलोड करून पाहतो. पारदर्शक भाग काळा पडला किंवा गिफची हालचाल थांबली, तर तो बदल मी सदस्यांपर्यंत पोहोचू देत नाही.