घरी टेन्स मशीन लावताय? या चुका टाळा

एक फुटबॉल खेळणारा मुलगा माझ्याकडे लंगडत आला होता. वय सोळा-सतरा. उजव्या घोट्याभोवती चार चौकोनी गुलाबी ठसे उमटलेले. पॅड रोज त्याच जागी चिकटवल्याच्या त्या खुणा होत्या. पाय मुरगळला त्या दिवसापासून तो घरच्या टेन्स मशीनने, म्हणजे त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून दुखऱ्या भागाला सौम्य विजेचा करंट देणाऱ्या छोट्या यंत्राने, करंट घेत होता, आणि दुखणं कमी वाटलं म्हणून चौथ्या दिवशी चाळीस मिनिटं खेळलाही होता. घोट्याच्या बाहेरच्या हाडाची मागची कड मी अंगठ्याने हलकेच दाबली, तर तो टेबलावरून उठून बसला. एक्स-रेत हाडाला तडा निघाला. मशीन चांगलं होतं, चालूही नीट होतं. फक्त त्याचं काम काय आहे हे त्या मुलाला कोणी सांगितलं नव्हतं.

फिजिओथेरपीच्या कामात अशी माणसं मला सतत भेटतात. म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी सांगते: दुखणं थांबलं म्हणजे दुखापत बरी झाली, असं समजणं.

गुडघा कुठे आपटला की आपण नकळत तो चोळतो आणि बरं वाटतं. चोळल्याने आतली इजा काही भरून येत नाही. स्पर्शाची जाणीव नेणाऱ्या जाड नसा जाग्या होतात आणि मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढे जाण्याची वाट अडवतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये हा ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला, आणि टेन्स मशीन त्याच तत्त्वावर चालतं. हातापेक्षा ते जास्त नेमकेपणाने आणि न थकता ‘चोळतं’, एवढंच. ते तुटलेलं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) जोडत नाही, हाडाची चीर भरत नाही. त्याचा परिणाम मशीन चालू असताना सर्वांत जास्त असतो आणि बंद केल्यावर हळूहळू ओसरतो. तेव्हा करंट घेऊन लगेच मैदानात उतरणं म्हणजे धोक्याची घंटा कापडात गुंडाळून आगीत शिरणं आहे. सामन्याआधी किंवा सरावाआधी दुखऱ्या भागावर करंट घेऊ नका. मी हे प्रत्येक खेळाडूला सांगते आणि यात सवलत देत नाही.

दुखापत न तपासता मशीन लावणं

घोटा मुरगळल्यावर आधार न घेता चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोट ठेवताच कळ येत असेल, तर आधी एक्स-रे. सांधा वाकडा दिसतोय, ‘कट्’ असा आवाज आला होता, गुडघा अडकतोय किंवा अचानक दगा देतोय, पायाची बोटं बधिर किंवा गार पडली आहेत, अशा वेळीही मशीन कपाटातच राहू द्या.

पोटरीकडे विशेष लक्ष द्या. दुखापतीनंतर पाय बरेच दिवस हलवला नाही आणि एकाच बाजूची पोटरी सुजून गरम, लालसर, दाबल्यावर दुखरी झाली, तर आत रक्ताची गाठ असू शकते. अशा पोटरीवर करंट लावू नका आणि मालीशही करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

टेन्स आणि ईएमएस यांची गल्लत

हल्लीच्या छोट्या मशीनमध्ये दोन्ही प्रकार एकत्र येतात. पॅडही तेच, वायरही त्याच, म्हणून घोळ होतो. टेन्स नसांसाठी आहे, त्यात मुंग्या आल्यासारखं वाटतं. ईएमएस स्नायूसाठी आहे. हा करंट स्नायूला आकुंचन पावायला लावतो, काही सेकंद घट्ट आवळतो आणि सोडतो.

आता विचार करा, धावताना मांडीच्या मागे चमक भरली आहे, म्हणजे तिथल्या स्नायूचे (हॅमस्ट्रिंगचे) काही तंतू फाटले आहेत, आणि तुम्ही त्यावर ईएमएसचा ‘मसाज’ प्रोग्राम लावला. मशीन त्याच फाटलेल्या तंतूंना दर काही सेकंदांनी ओढत राहणार. सुरुवातीच्या दिवसांत हे अजिबात नको. प्रोग्रामच्या नावावर जाऊ नका. स्नायू आवळल्यासारखा जोरात उचलला गेला तर तो मोड तुमच्यासाठी नाही, बंद करा.

ईएमएसचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू ‘झोपतो’, माणूस कितीही जोर लावो, तो नीट आवळतच नाही. तिथे हा करंट मोलाची मदत करतो, पण तोही फिजिओने सेटिंग ठरवून दिल्यावर, आणि करंटबरोबर स्वतःही स्नायू आवळत.

करंट फार कमी किंवा फार जास्त ठेवणं

‘मी महिनाभर लावलं, काही फरक नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी मशीन घेऊन यायला सांगते आणि माझ्यासमोर लावायला लावते. बहुतेक वेळा दिसतं ते असं: जेमतेम जाणवेल एवढाच करंट, आणि वीस मिनिटं तो तसाच. जाणवतोय-न-जाणवतोय अशा करंटने वेदनेची वाट अडत नाही. झिणझिण्या ठळक हव्यात, सुखद नसल्या तरी सोसवतील अशा हव्यात. पाच-दहा मिनिटांत शरीराला त्यांची सवय होते आणि त्या फिक्या वाटू लागतात. तेव्हा एक-एक टप्पा वाढवा.

खेळाडू मात्र उलट टोकाला जातात. जिद्द हा त्यांचा गुण, पण इथे ती उपयोगाची नाही. दात-ओठ खाऊन सहन करावा लागणारा करंट जास्त गुणकारी नसतो. त्याने स्नायूत गोळा येतो, त्वचा होरपळते आणि दुखऱ्या भागाला नवा ताण बसतो.

आकडे बदलता येणारं मशीन असेल तर दुखण्यासाठी साधारण 80 ते 120 हर्ट्झ (फ्रीक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला करंटचे किती ठोके) आणि 50 ते 200 मायक्रोसेकंद (एक ठोका किती वेळ टिकतो), ही सुरुवात ठीक. 2 ते 4 हर्ट्झचा मंद प्रकारही असतो. त्यात स्नायू ठोके पडल्यासारखा हलका उडतो आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं. जुनाट, खोल ठणक्याला तो कधी कधी जास्त मानवतो. ताज्या दुखापतीत स्नायू उडवणं बरं नाही, म्हणून तिथे पहिलाच प्रकार.

रोज एकच सेटिंग ठेवलं की काही दिवसांत गुण कमी वाटू लागतो. मशीन बिघडलेलं नसतं, मज्जातंतूंना सवय झालेली असते. फ्रीक्वेन्सी आलटून-पालटून बदलणारा मोड असेल तर तो वापरा किंवा मधे एखादा दिवस सोडा.

पॅडच्या चुका

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण घरच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा पॅडपाशी येऊन थांबतात.

करंटला जायला आणि यायला, दोन्ही वाटा लागतात. मशीनमधून करंट बाहेर पडण्याच्या प्रत्येक स्वतंत्र वाटेला चॅनल म्हणतात. एका चॅनलच्या वायरला दोन टोकं असतात आणि दोन्ही पॅड अंगाला चिकटलेले असतील तरच करंट वाहतो. ‘लाइट लागतोय, पण काही जाणवत नाही’ याचं उत्तर बहुधा इथेच सापडतं. एक पॅड निघालेला असतो, पिन अर्धीच आत गेलेली असते किंवा दोन पॅड दोन वेगवेगळ्या चॅनलचे असतात. तरीही जाणवत नसेल तर करंट शून्यावर आणून वायर दुसऱ्या चॅनलला लावून पाहा. तिथेही तेच झालं तर वायर आतून तुटली आहे. वायर पिनच्या गळ्यापाशी तुटते, कारण आपण ती पिन न धरता ओढून काढतो. दुसऱ्या चॅनलवर ती वायर चालली तर दोष मशीनच्या पहिल्या चॅनलमध्ये आहे. करंट मधेच मंदावतो आणि मशीन आपोआप बंद होतं, तेव्हा आधी बॅटरी पाहा.

सुई टोचल्यासारखं होत असेल तर पॅड तपासा. जेल कडेला वाळली, पॅडचा कोपरा उचलला गेला, की सगळा करंट उरलेल्या थोड्या जागेतून जातो आणि तिथे चटका बसतो. चिकटपट्टी लावून असा पॅड चालवू नका. वाळलेल्या जेलवर बोटाने पाण्याचा थेंब पसरून, थोडं थांबून पाहा. तरीही चिकटेना तर नवे पॅड घ्या. साधारण वीस ते तीस वेळा वापरल्यावर ते थकतातच. प्रत्येक वेळी ते मूळच्या प्लास्टिकवर परत चिकटवले तर जास्त टिकतात.

जागा निवडताना दुखऱ्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना पॅड येऊ द्या. दोघांत निदान एका पॅडएवढं अंतर ठेवा. कडा एकमेकींना टेकल्या तर करंट वरच्या वर निसटतो, आत जात नाही. गुडघ्याला चार पॅड लावायचे असतील तर एका चॅनलचे दोन समोरासमोर तिरपे, दुसऱ्याचे उरलेल्या दोन कोपऱ्यांत, म्हणजे दोन करंट गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदतात. हाडाच्या उंचवट्यावर पॅड नीट बसत नाही, थोडा बाजूला मांसल भागावर घ्या.

आणि पॅड हलवायचा असेल तर आधी करंट शून्यावर आणा. चालू करंटमध्ये पॅड सोलला की शेवटच्या कडेला जो झटका बसतो, तो एकदा खाल्लेली माणसं पुन्हा मशीनला हात लावायला घाबरतात.

बामावर पॅड

खेळाडूंच्या बॅगेत बाम, स्प्रे, तेल सगळं असतं आणि सगळं एकाच पायावर जातं. तेलकट त्वचेवर पॅड धरत नाही हा लहान प्रश्न. मोठा प्रश्न असा की झोंबणाऱ्या बामावर करंट घेतला की आग कशाची होते ते कळत नाही आणि त्वचा भाजेपर्यंत माणूस बसून राहतो. साबणाने धुवा, पूर्ण कोरडं करा, मग पॅड. बर्फ लावल्यानंतर त्वचा बधिर असते, तेव्हाही लगेच लावू नका. पायावरचे केस कात्रीने बारीक करा. नुकतं रेझर फिरवलेल्या त्वचेवर पॅड झोंबतो.

काढल्यावर थोडा वेळ गुलाबी रंग दिसणं ठीक. तासाभरानेही लाली, खाज, फोड राहिले तर जेलची अ‍ॅलर्जी असू शकते. पॅडचा प्रकार बदला.

हे मात्र कधीच नाही

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं झटका देणारं उपकरण असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय हे मशीन वापरू नका. गळ्याच्या पुढच्या भागावर पॅड लावू नका, तिथल्या नसांमुळे रक्तदाब एकदम उतरू शकतो. डोळ्यांवर नको, छातीच्या आरपार नको, उघड्या जखमेवर नको. गरोदरपणात पोटावर आणि कमरेवर नको. फिट येत असतील तर डोक्या-मानेवर नको. कर्करोगाच्या जागी नको. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर चटका कळतच नाही, म्हणून तिथेही नको. हाडात प्लेट किंवा स्क्रू असेल तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आधी विचारा. अंघोळ करताना, गाडी चालवताना किंवा झोपताना मशीन अंगावर नको. वेळ वीस ते तीस मिनिटं पुरे.

दुखणं उतरलेला तो अर्धा-पाऊण तास वाया घालवणं हीसुद्धा चूकच आहे. करंट घेऊन मोबाइल पाहत पडून राहिलं तर सांधा आखडलेलाच राहतो. त्या वेळात, फिजिओने सांगितलेला आणि झेपेल तेवढाच, हलका व्यायाम करा. सुरुवातीला मशीन लावण्याआधी, लावलेलं असताना आणि काढल्यावर तासाभराने दुखणं दहापैकी किती, हे वहीत लिहा. आठवडाभरात आकडे हलले नाहीत तर मशीन बाजूला ठेवून दुखापत पुन्हा तपासून घ्या.

त्या फुटबॉलवाल्या मुलाचं प्लास्टर निघालं तेव्हा घोटा लाकडासारखा झाला होता. मी त्याला तेच मशीन परत आणायला सांगितलं. वीस मिनिटं करंट, आणि तो चालू असतानाच अंगठ्याने हवेत मुळाक्षरं गिरवायची. पहिल्या दिवशी ‘क’पाशीच पाय थरथरायला लागला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो ‘ज्ञ’पर्यंत पोचला, आणि मग आम्ही मशीन बंद करून एका पायावर उभं राहायला सुरुवात केली.