पीसीच्या वॉटर कूलिंगची नळी पांढुरकी पडली? पाणी ओतून देण्याआधी या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पीसीच्या कस्टम लूपमधली (प्रोसेसर थंड ठेवायला पाणी फिरवणारी, स्वतः जुळवलेली यंत्रणा) पारदर्शक नळी ताकासारखी दिसायला लागली. सांगलीचा माणूस गढूळपणा दिसला की आधी पाण्यालाच नावं ठेवतो. पावसाळ्यातली कृष्णा डोळ्यांसमोर असतेच. मी तीन महिन्यांत तीनदा कूलंट, म्हणजे लूपमध्ये फिरणारं पाणी, बदललं, नळी तशीच. शेवटी वैतागून टोकाचा बोटभर तुकडा कापला, खिडकीत ठेवला आणि विसरून गेलो. काही दिवसांनी बघतो तर तुकडा जवळजवळ पहिल्यासारखा स्वच्छ! पाण्याचा दोष नव्हताच. नळीच पाणी प्यायली होती.

पहिली चूक: कारण न शोधता पाणी बदलणं

मऊ पीव्हीसीची नळी सतत पाण्यात राहिली की थोडं पाणी तिच्या भिंतीत मुरतं. त्याचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाश विखुरतात आणि नळी दुधाळ दिसते. वाळली की पुन्हा साफ. याने पीसीचं काहीही बिघडत नाही, फक्त शोभा जाते.

तुकडा वाळूनही पांढराच राहिला तर आतून कानकाडी फिरवा. पांढरट, चिकट थर निघाला तर तो प्लास्टिसायझर. हिरवा-तपकिरी बुळबुळीतपणा आणि वास आला तर शेवाळ किंवा जिवाणू. निळसर-हिरवी झाक असेल तर तांबं गंजतंय.

प्लास्टिसायझर म्हणजे काय?

गवंड्याची लेव्हलची नळी बघा. नवी असताना लवचिक, आरपार दिसणारी. काही वर्षांनी पिवळट आणि ताठ. पीव्हीसी मुळात कडकच असतं, शेतात गाडतो त्या पाइपासारखं. ते मऊ करायला त्यात तेलकट प्लास्टिसायझर मिसळतात, कित्येकदा वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तो प्लास्टिकशी पक्का जोडलेला नसतो, त्यामुळे हळूहळू बाहेर झिरपतो. उष्णतेने हा वेग वाढतो.

इथे आपल्याकडचं हवामान आडवं येतं. पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर कितीही मोठा लावा, कूलंट खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. मे महिन्यात दुपारी खोली ३८ अंशांवर असेल आणि गेम चालू असेल, तर कूलंट सहज ५० अंशांकडे जातं. थंड देशातल्या माणसाची नळी दोन वर्षं टिकली म्हणून आपलीही टिकेल असं धरू नका.

हा प्लास्टिसायझरचा थर नुसता दिसायला वाईट नाही. तो प्रोसेसरवर बसणाऱ्या वॉटर ब्लॉकच्या आतल्या पातळ पट्ट्यांमध्ये (फिनमध्ये) जाऊन बसतो आणि तिथल्या फटी अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतात. प्रवाह मंदावतो, प्रोसेसर तापतो आणि आपण प्रोसेसर आणि ब्लॉकमधली थर्मल पेस्ट बदलत बसतो. नळी बदलताना ब्लॉक उघडून मऊ टूथब्रशने साफ केला नाही तर निम्मंच काम झालं.

पाण्याच्या बाबतीत होणाऱ्या चुका

बोअरचं पाणी तर नकोच, आरओचंही नको. त्यात क्षार उरतात. इन्व्हर्टरसाठी मिळणारं बॅटरीचं पाणी सीलबंद बाटलीतलं असेल तर चालतं. मला एका दुकानदाराने मोठ्या कॅनमधून सुटं भरून दिलं होतं. त्या कॅनमध्ये आधी काय होतं, देव जाणे. आणि नुसतं शुद्ध पाणीही पुरत नाही. शेवाळरोधक आणि गंजरोधक लागतोच. तयार कूलंटमध्ये दोन्ही असतात, त्यात वरून स्वतःचं औषध ओतू नका.

रंगीत कूलंटचं म्हणाल तर हळदीच्या गावातल्या लोकांना डाग म्हणजे काय ते शिकवायला नको. गडद रंग नळीत उतरतोच. दुधाळ पेस्टल कूलंटमधले कण तर गाळ होऊन खाली बसतात. फोटोपुरतं ठीक, रोजच्या पीसीला नको.

स्वस्त रेडिएटर

ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा ही जोडी लावू नका. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि लूपमध्ये पांढरा गाळ फिरायला लागतो. तांब्याचा नवा रेडिएटरही आधी गरम डिस्टिल्ड वॉटरने खळखळून धुवा. आत डाग देताना (सोल्डरिंग करताना) वापरलेल्या फ्लक्सचे अवशेष असतात.

नळी बदलायचीच असेल तर मी आता काळी ईपीडीएम रबराची घेतली आहे. आतलं काही दिसत नाही, मुलांना आवडली नाही, पण पांढरी पडायचा प्रश्न मिटला. पारदर्शकच हवी तर कडक ॲक्रिलिक बघा. मात्र ती कधीही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू नका, बारीक तडे जातात. पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकची कडक नळी, कूलंट ६० अंशांच्या आसपास गेलं की, मऊ पडायला लागते. पंप अचानक बंद पडला तर फिटिंगमधून निसटू शकते. मे महिन्यात ती भीती मला नको होती.