डोंगरावर रोपं लावलीत ना, मग आता जाळरेषा काढा

पावसाळ्यात डोंगरावर रोपं लावणारे ग्रुप आता गावोगावी झालेत, मनापासून काम करतात लोक, पण मार्चमध्ये एका दुपारच्या वणव्यात तीन-चार वर्षांची मेहनत जाते. खड्डे, ट्री गार्ड, टँकर सगळ्याला पैसे जमतात, जाळरेषेचं मात्र कोणी बोलत नाही.

जाळरेषा म्हणजे रोपवनाभोवती गवत काढून, जाळून केलेला मोकळा पट्टा. आग फक्त त्या पट्ट्यात लावायची, अख्ख्या डोंगराला नाही. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिगा लोक उन्हाळा तापायच्या आधी पालापाचोळ्याला हलकी आग द्यायचे, ती बंद झाली आणि घाणेरीची (लँटाना) झुडपं माजली असं ते सांगतात, आणि मला ते पटतं. पण ते मोठ्या झाडांचं जंगल आहे, तुमची गुडघ्याएवढी रोपं त्यात टिकणार नाहीत.

आधी परवानगी. वनखात्याची जमीन असेल तर रेंज ऑफिसमधून लेखी घ्या आणि वनरक्षकाला हजर ठेवा, कारण राखीव वनात परस्पर आग लावणं भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. खाजगी जमीन असली तरी ग्रामपंचायतीला आणि बांधाच्या शेतकऱ्यांना सांगायचंच.

दिवाळीच्या आसपास गवत पिवळं पडायला लागलं की कामाला लागा. कंबरेएवढं गवत असेल तर पट्टा 6 मीटरच्या खाली नको, चढ जास्त असेल तिथे अजून रुंद. पट्ट्याच्या दोन्ही कडांना मीटर-दीड मीटर गवत कुदळीने मुळासकट काढून माती उघडी करायची, मधलं गवत विळ्याने कापून तिथेच वाळू द्यायचं. जाळायचं डिसेंबर-जानेवारीत, सकाळी, वारा पडलेला असताना, कडेच्या गवतावर अजून दव आहे तोवर. वारा रोपांच्या दिशेने असेल तर त्या दिवशी काडी ओढायचीच नाही, कितीही माणसं जमलेली असोत.

सुरुवात कायम वरच्या टोकाला, म्हणजे आग हळूहळू खाली सरकते. खालून लावली तर ती चढावर पळत सुटते, साधारण दर 10 अंश चढाला वेग दुप्पट धरतात. वीस-पंचवीस मीटरचा तुकडा जाळा, पूर्ण विझवा, मग पुढचा. दोन्ही कडांना हिरव्या फांद्या घेतलेली माणसं आणि पाठीवर पाण्याने भरलेले फवारणी पंप हवेत. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, नायलॉनचं ट्रॅकपँट अजिबात नको, ते वितळून कातडीला चिकटतं.

विझवल्यावर लगेच घरी पळू नका. वाळलेलं शेण, जुने बुंधे, पोकळ ओंडके आत तासन्‌तास धुमसतात, त्यावर पाणी मारून हाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघा, गरम लागलं तर परत पाणी. दुसऱ्या दिवशीही एक फेरी मारा.

आणि फेब्रुवारीपासून पानगळ होते, वरच्या झाडांची पानं पट्ट्यात साचतात आणि आगीला आयता पूल मिळतो, म्हणून खराटा किंवा ब्लोअर घेऊन पट्टा पुन्हापुन्हा साफ करायला लागतो. बरेच जण इथेच कंटाळतात, पण काढलेल्या रेषेचा उपयोग ह्यावरच ठरतो.

एवढं करूनही वणवा आलाच तर आगीच्या वरच्या बाजूला गवतात थांबू नका. मार्च 2018 मध्ये तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्स वणव्यात अडकले आणि 20 पेक्षा जास्त जीव गेले. बाजूला निघा, नाहीतर आधीच जळून विझलेल्या जागेवर जा. वणवा अडवायला समोरून उलटी आग लावायचं काम वनखात्याच्या अनुभवी लोकांचं आहे, आपण करायचं नाही. वनखात्याची हेल्पलाईन 1926 आहे, ती सगळ्यांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाकडे आपला भाग नोंदवून ठेवला तर सॅटेलाईटला दिसलेल्या आगीचा मेसेजही येतो.

विदर्भात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तिथे आधीच गावात बसून बोला आणि झाडाखाली अंथरायला जाळ्या किंवा जुन्या साड्या द्या, फुलंही स्वच्छ मिळतात.