हेगमध्ये जुनं, नव्याने सजवलेलं घर घेताय? आधी खालची जमीन बघा

फुंडावर, म्हणजे नेदरलँड्समधल्या घरविक्रीच्या साइटवर, हेगमधलं 1930 च्या दशकातलं एखादं घर उघडलं की माणूस पहिल्या फोटोतच अर्धा विकला जातो. रस्त्याच्या बाजूने पुढे आलेली मोठी खिडकी, वरच्या तावदानांत रंगीत काचा, सरकत्या दारांनी जोडलेल्या पुढच्या-मागच्या खोल्या, नवी लाकडी जमीन, नवं पांढरं किचन आणि ओट्यावर लिंबांचा वाडगा. जाहिरातीत एक शब्द हमखास असतो, ‘इन्स्टॅपक्लार’. बॅगा घेऊन या आणि राहायला लागा. मग लिंक माझ्याकडे येते, “ताई, कसं वाटतं? शनिवारी बघायला चाललोय, मंगळवारी ऑफर द्यायची आहे.”

मी किचन बघतच नाही. पत्ता बघते.

हेग दोन प्रकारच्या जमिनीवर उभं आहे. समुद्राच्या बाजूला वाळूचे जुने टेकाड, आत शहराकडे पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची स्पंजासारखी माती. लान फान मेर्डरफोर्ट हा लांबलचक रस्ता ढोबळमानाने या दोन्हींमधली सीमा मानला जातो. पूर्वी पैसेवाले वाळूवर राहायचे आणि कामगार पीटवर. आता बाहेरून पाहिलं तर दोन्हीकडच्या विटा सारख्याच लाल, दोन्हीकडच्या खिडक्या सारख्याच सुंदर. वाळूवरच्या घराच्या भिंती सरळ रुंद पायावर बसवलेल्या असतात. पीटवरच्या जुन्या घरांखाली बहुधा लाकडी खांब ठोकलेले असतात. लाकूड पाण्याखाली बुडालेलं असेपर्यंत ते शंभर वर्षंही टिकतं. भूजलाची पातळी उतरली, खांबांची डोकी उघडी पडली, हवा लागली, की बुरशी लाकूड खायला लागते. 2018 सारखा कोरडा उन्हाळा आला की इथल्या बातम्यांत घरांच्या पायांची चर्चा सुरू होते ती यामुळे. हेगचंच असं नाही. रॉटरडॅम, खौडा, झान्दाम, हार्लेमचे काही भाग, सगळीकडे हीच गोष्ट.

आता यातली खरी गोम. ही घरं एका ओळीत, एकमेकांना चिकटून असतात आणि शेजाऱ्यांमधली भिंत सामाईक असते. त्यामुळे पाया एकट्याने दुरुस्त करून भागत नाही, शेजाऱ्यांना राजी करावं लागतं, आणि त्यांच्याकडे पैसे नसले तर तुमचंही काम अडतं. खर्च एका घराला लाखभर युरोच्या घरात सहज जातो. नेहमीचा घराचा विमा हे भरून देत नाही.

आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने नेमकं असंच घर घेतलं. पुण्याचा फ्लॅट विकून पैसे आणले होते. अकरा जणांशी स्पर्धा आहे असं ऐकून त्यांनी ऑफरमधून तांत्रिक तपासणीची अट, म्हणजे मोठा दोष निघाला तर माघार घेता येण्याची सोय, काढून टाकली. घर मिळालं, पेढे वाटले. पहिल्याच हिवाळ्यात शेजारचे आजोबा पायाच्या तपासणीचा कागद घेऊन दारात उभे. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. “आम्हाला का नाही सांगितलं?” असं विचारल्यावर आजोबा शांतपणे म्हणाले, “तुम्ही विचारलं नाहीत.” डच माणसाचा स्वभाव असा आहे. विचारलंत तर तोंडावर खरं सांगेल, अगदी तुम्हाला बोचेल इतकं खरं. न विचारता मात्र काही सांगणार नाही. म्हणून घर बघायला जाल तेव्हा दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची बेल वाजवा. लाज वाटते? वाटू दे. पायाचा अहवाल आहे का, गल्लीत कुणी खांब बदललेत का, एवढंच विचारायचं.

आणि बाहेर उभं राहून विटांकडे नीट बघा. जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी भेग, तिरप्या झालेल्या चौकटी, शेजारच्या घराशी न जुळणारी विटांची रांग. आत गेल्यावर खिशातली गोटी जमिनीवर ठेवा. नूतनीकरण केलेल्या घरात गोटी मुळीच घरंगळली नाही तर खूश होऊ नका. जुनी कललेली जमीन समतल करून वर नवं लाकूड टाकणं फार अवघड नसतं. विटा मात्र सहजासहजी सरळ होत नाहीत.

तपासणीची अट सोडू नका. पुन्हा सांगते, सोडू नका. मोठ्या आवाजात सांगायची सोय असती तर तसं सांगितलं असतं. तपासणीला काही शे युरो लागतात. माणूस जमिनीखाली पायाजवळच्या, रांगत जावं लागतं अशा पोकळीत उतरतो, तुळया टोचून बघतो, छतावर चढतो, आणि अहवाल देतो. स्पर्धा जास्त असेल आणि अट घातली तर घर हातचं जाईल अशी भीती असेल, तर ऑफरच्या आधीच तपासणी करून घेता येते का ते विचारा. तेही जमत नसेल तर कायद्याने मिळणारे तीन दिवस वापरा. सही केलेल्या कराराची प्रत हातात आल्यानंतर खरेदीदाराला विचार बदलायला तीन दिवस मिळतात, आणि कारण द्यावं लागत नाही. तपासनीस त्याच तीन दिवसांत येईल असा आधीच ठरवून ठेवायचा. ते दिवस संपले, अट नाही, आणि मग माघार घेतलीत, तर साधारणपणे किमतीच्या दहा टक्के दंड. साडेचार लाखांच्या घरावर 45,000 युरो. कर्ज मिळण्याची अटसुद्धा याच कारणासाठी राहू द्या. ‘बँकेने हो म्हटलंय’ हे तोंडी असतं तोवर त्याला अर्थ नाही.

विकणाऱ्याला माहीत असलेले दोष सांगायचं बंधन आहे, पण शोधण्याची जबाबदारी खरेदीदारावरही आहे. आणि नव्याने सजवलेल्या घरांच्या करारात एक कलम हळूच बसलेलं असतं, की विकणारा या घरात कधी राहिलेला नाही, त्यामुळे दोषांबद्दल त्याला काही माहीत नाही. हे कलम दिसलं की समजायचं, बहुधा घर कुणीतरी विकत घेऊन, रंगवून, पुढे विकायला काढलंय. काडास्टरमध्ये, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात, थोडे पैसे भरून आधीचा व्यवहार कधी आणि केवढ्याला झाला ते बघता येतं. सरकारी मूल्यांकन तर वोझच्या साइटवर फुकट दिसतं. गेल्याच वर्षी विकलेलं घर आज भलत्या किमतीला असेल, तर मधल्या काळात नेमकं काय केलं त्याच्या पावत्या मागा. ‘वय झालेलं घर’ आणि ‘ॲस्बेस्टॉस’ ही कलमंही वाचा. ॲस्बेस्टॉसवर इथे 1993 मध्ये बंदी आली, त्याआधी दुरुस्त झालेल्या घरात ते कुठेही निघू शकतं. 1960 च्या आधीच्या घरात पाण्याचे पाइप शिशाचे असू शकतात. लहान मूल असेल तर हे आधी विचारा, किचनच्या रंगाचं नंतर. दोन खोल्यांमधली भिंत काढून मोठं किचन केलं असेल तर परवानगी आणि तुळईचा हिशोब दाखवा म्हणायचं.

पैशांबद्दल थोडक्यात. जाहिरातीत किमतीपुढे ‘के.के.’ असतं, म्हणजे हस्तांतरण कर आणि नोटारिसचा, म्हणजे खरेदीचा दस्त करणाऱ्या कायदेतज्ज्ञाचा, खर्च तुमचा. स्वतः राहणाऱ्याला कर दोन टक्के. 35 वर्षांखालच्या, ही सवलत आधी न वापरलेल्या खरेदीदाराला एका किमतीपर्यंत माफी असते. 2025 मध्ये ती मर्यादा 5,25,000 युरो होती, दरवर्षी बदलते. बँक घराच्या मूल्यांकनाएवढंच कर्ज देते, त्याच्यावर बोली लावलीत तर वरचे पैसे तुमच्या खिशातून. परदेशातून आलेल्या कुशल नोकरदारांना काही वर्षं मिळणारी ‘30 टक्क्यांची’ करसवलत धरून हप्ता बसवू नका, ती एक दिवस संपणार आहे.

माकेलार, म्हणजे घरांचा दलाल, गोड बोलतो, कॉफी देतो, मुलांची चौकशी करतो, पण तो विकणाऱ्याचा माणूस आहे. स्वतःचा वेगळा माकेलार घ्या, आणि तो आपल्या मंडळातल्या कुणाच्या ओळखीचा आहे म्हणून घेऊ नका. त्याने याच भागात किती घरं बघितलीत ते विचारा.

वास्तूबद्दल लिहिलं की लोक रागावतात, तरी लिहिते. ईशान्येला संडास आहे म्हणून वाळूवरचं भक्कम घर नाकारून, पूर्वाभिमुख दार मिळालं म्हणून पीटवरचं घर घेणारे लोक मी पाहिलेत. इथले लोक बाग दक्षिणेला आहे का ते विचारतात. तो प्रश्न निदान उन्हाचा आहे, आणि नोव्हेंबरात त्याची किंमत कळते.

हेगमधल्या काही घरांची जमीन महापालिकेच्या मालकीची असते, घर तेवढं तुमचं. जमिनीचं भाडं कायमचं भरून टाकलंय का, हे करारात बघून घ्या.

किचनबद्दल मात्र आपल्या लोकांनी डचांचं ऐकू नये. ही नवी किचन फोटोसाठी असतात. वरची चिमणी पुष्कळदा धूर बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या जाळीतून फिरवून खोलीतच सोडते. भाताच्या खिचडीला ते चालेल, पण सुक्या मिरच्यांची फोडणी किंवा बोंबील तळलेत की वास सरकत्या दारांमधून थेट गाद्यांमध्ये. नळी भिंतीबाहेर जाते का, नसल्यास बाहेर नेता येईल का, हे घर बघतानाच विचारा. फुलके आचेवरच फुगवायचा हट्ट असेल तर घरात गॅस अजून आहे का तेही बघा. भाजीची काळजी नको. हागसे मार्क्तमध्ये सुरिनामी हिंदुस्थानी लोकांमुळे दुधी, कारली, मेथी सगळं मिळतं, आणि भाव करताना हिंदी थोडीफार चालूनही जाते.

वरची खोली माळ्याची असेल तर दीड मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग क्षेत्रफळात धरत नाहीत, त्यामुळे कागदावरची खोली आणि डोक्याला लागणारी खोली वेगळी. जिने अरुंद आणि उभे असतात. सोफा आणि कपाट खिडकीतून बाहेरच्या लिफ्टने चढवतात, त्याचं भाडं धरून ठेवा.

किल्ली घ्यायच्या दिवशी सकाळी घरातून शेवटची फेरी असते. सोबत ‘काय राहणार, काय जाणार’ ही यादी न्या. दिवे, पडदे, कधी कधी भिंतीवरची फळीसुद्धा लोक घेऊन जातात, आणि यादीत नसेल तर भांडता येत नाही. मीटरचे आकडे फोटोत घ्या. तिथून नोटारिसकडे. दस्त डचमध्ये वाचला जातो. डच पक्कं येत नसेल तर शपथ घेतलेला दुभाषी लागतो, त्याचे पैसे तुमचे, आणि तो दोन आठवडे आधी ठरवावा लागतो.